बंब विकत मिळतो, प्रशिक्षणाचे काय?

२१ एप्रिल २०२१. अग्निशमन सेवा सप्ताहाची सांगता होऊन एकच दिवस उलटला होता. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती सुरू झाली आणि पाहता पाहता सारे आवार पांढऱ्याशुभ्र धुक्याने भरून गेले. अग्निशमन दलाचे जवान त्या धुक्यात शिरून पाण्याचे फवारे मारत असल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. आत, प्राणवायूचा दाब घटल्यामुळे त्या दिवशी २२ रुग्णांनी प्राण सोडला.

त्या आवारात आग लागलेली नव्हती, तरीही पहिली हाक अग्निशमन दलालाच गेली. द्रवरूप प्राणवायू शून्याखाली १८३ अंश सेल्सिअस इतका थंड असतो. त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू तयार होतो. डोळ्यांना दिसते ते धुके म्हणजे हवेतील गोठलेले बाष्प. खरा धोका त्या धुक्याच्या सीमेपलीकडेही पसरलेला असू शकतो. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण अंगावरचे कपडे, सांडलेले तेल, रस्त्यावरचे डांबर यांना तो भयंकर ज्वालाग्राही करून सोडतो. अशा ठिकाणी किती जवळ जावे, फवारा कोठे मारावा, कोणत्या झडपेवर पाणी पडू देऊ नये, कपडे प्राणवायूने माखल्यावर किती वेळ ठिणगीपासून दूर राहावे, यांपैकी एकही गोष्ट बंबावर लादून नेता येत नाही. ती माणसाच्या डोक्यात आणि हातात आधीच असावी लागते. ती तेथे पोहोचवायची, तर पैसा कोणी द्यायचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय रूक्ष आहे हे मान्य. पण शहरातील प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांची १८ कामे दिली आहेत. त्यांतील सातवे काम अग्निशमन सेवा. म्हणजे पोलीस राज्याचे, पण बंब महापालिकेचा. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन करते, निकष सांगते, प्रशिक्षण केंद्र चालवते. परंतु शिंगाडा तलावाच्या मुख्यालयातील फायरमनचा पगार, त्याचा गणवेश, त्याच्या गाडीतील डिझेल आणि त्याचे प्रशिक्षण हा सारा खर्च नाशिककरांच्या घरपट्टीतून व महापालिकेच्या इतर उत्पन्नातूनच भागवावा लागतो. त्यातच आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. या बंधनामुळे शहर वाढत असताना भरती वर्षानुवर्षे रखडत राहिली. २००१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. शहरी भागात दर दहा चौरस किलोमीटरला एक अग्निशमन केंद्र असावे, असा केंद्रीय सल्लागार समितीचा निकष आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या नाशिकला त्या हिशेबाने २६ केंद्रे लागतील. हा निकष शहराने कधीच गाठलेला नाही.

मुळात अंदाजपत्रकाची रचनाच प्रशिक्षणाला मारक आहे. बंब, शिडी, इमारत हा भांडवली खर्च. त्याची निविदा निघते, मालमत्ता नोंदवहीत नोंद होते, लेखापरीक्षकाला वस्तू डोळ्यांनी दाखवता येते. प्रशिक्षण हा महसुली खर्च. तो केला तरी दाखवायला हाती उरतात ती प्रमाणपत्रे. शासकीय अनुदानांचा कल स्वाभाविकपणे पहिल्या प्रकाराकडे असतो. लोकप्रतिनिधींचाही असतो, आणि त्यात केवळ त्यांचा दोष नाही. नव्या बंबापुढे नारळ फोडता येतो, छायाचित्र निघते. श्वसनसंच लावून अंधाऱ्या खोलीत रांगण्याचा सराव करणाऱ्या जवानांपुढे नारळ कोण फोडणार?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रशिक्षित उमेदवारच तर भरती करतो,’ असे उत्तर महापालिकांकडून मिळते आणि ते खोटे नाही. सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातील सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम पूर्ण केलेलेच उमेदवार महापालिकांच्या भरतीत सहसा पात्र ठरतात. अधिकारी वर्गासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपुरात आली आणि देशभरातील दलांचे अधिकारी तेथे घडले. प्राथमिक शिक्षणाची सोय, ती अपुरी असेल, पण आहे. बहुतेक वेळा त्या सहा महिन्यांचे शुल्क उमेदवाराच्या आईबापांनीच भरलेले असते, हा भाग वेगळा.

प्रश्न त्यानंतरच्या तीस वर्षांच्या नोकरीचा आहे. ज्या जवानाने नव्वदच्या दशकात सराव केला तो चार मजली इमारतींच्या शहरासाठी केला. आज गंगापूर रस्ता, पाथर्डी फाटा परिसरात उभ्या राहिलेल्या इमारतींत, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या वाहनतळांत, थर्माकोल व प्लास्टिकच्या आवरणांनी सजलेल्या दुकानांत त्याला शिरायचे आहे. श्वसनसंचाचेच उदाहरण घेऊ. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे १,८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर या कागदी हिशेबाने ती ४५ मिनिटे पुरते. प्रत्यक्षात पाठीवर ओझे घेऊन, होज ओढत, जिना चढणारा माणूस त्याच्या दुप्पट हवा सहज घेतो आणि २०-२२ मिनिटांत शिट्टी वाजू लागते. त्यातून परतीच्या वाटेसाठी हवा राखून ठेवायची असते. श्वास आटोक्यात ठेवणे, दाबमापकाकडे पाहत राहणे, जोडीदाराला सोडून पुढे न जाणे या सवयी वर्षातून एकदा होणाऱ्या प्रात्यक्षिकाने लागत नाहीत. वापरात नसलेली पोहण्याची कला अंगात राहते म्हणतात. श्वसनसंचाची राहत नाही.

नुसता अनुभव पुरेसा आहे, असेही कोणी मानू नये. मुंबई अग्निशमन दलाइतका अनुभव देशात क्वचितच कोणत्या दलाच्या गाठीशी असेल. तरीही ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत, इमारत कोसळून, मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. लाकडी तुळयांची इमारत आगीत किती वेळ तग धरते आणि आतील माणसांना माघारी कधी बोलवायचे, हे आज जगभर स्वतंत्र अभ्यासाचे विषय झाले आहेत. जुन्या नाशकातील वाडे याच जातीचे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

तर अनुदान मागायचे कोणाकडे? सर्वांत मोठा दरवाजा पंधराव्या वित्त आयोगाने उघडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील ‘पूर्वतयारी व क्षमताबांधणी’ या भागातून राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठी ५ हजार कोटी रुपये आयोगाने सुचविले आणि केंद्रीय गृहमंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये ही योजना सुरू केली. त्यातील ५०० कोटी रुपये कायदेविषयक व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले होते. महाराष्ट्रासारख्या राज्याने प्रकल्पखर्चाचा २५ टक्के हिस्सा स्वतःच्या तिजोरीतून घालायचा, अशी अट होती. नवी केंद्रे, आधुनिक उपकरणे यांच्या बरोबरीने राज्य प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण आणि क्षमताबांधणी हा या योजनेचा स्पष्ट घटक होता. ‘प्रशिक्षणासाठी पैसेच नसतात’ ही तक्रार तेवढ्यापुरती तरी निकालात निघाली होती.

मात्र शहराला या निधीसाठी थेट अर्ज करता येत नाही. प्रस्ताव राज्याने पाठवायचा, तो संचालनालयामार्फत, आणि मंजुरी दिल्लीतील समितीने द्यायची. शहराची गरज राज्याच्या प्रस्तावात शिरली तरच पुढे जाते. संचालनालयाच्या टेबलावर ‘आमच्या दलास प्रशिक्षणाची आवश्यकता आहे, तरी योग्य ती तरतूद व्हावी’ अशा मजकुराचे पत्र आणि चार उपकरणांची दरपत्रके पोहोचली, तर तेथील अधिकाऱ्याने त्यातून काय उचलावे? पंधराव्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. त्यापुढची पाच वर्षे सोळाव्या आयोगाची. आयोग बदलतात, योजनांची नावे बदलतात. तयार प्रस्ताव ज्याच्या कपाटात असतो, त्याचा नंबर आधी लागतो. तेराव्या वित्त आयोगाने २०१० मध्ये दहा लाखांवरील शहरांना आगप्रतिसादाचा आराखडा तयार करून राजपत्रात प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. नाशिक त्या यादीत बसत होते. त्या आराखड्याचे पान दरवर्षी उलटले गेले असते, तर प्रशिक्षणाची गरज आज नव्याने मोजावी लागली नसती.

दुसरी वाट राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची. पंधराव्या आयोगाच्या रचनेत राज्यस्तरावरही एकूण आपत्ती निधीच्या १० टक्के वाटा पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी ठेवलेला होता. मदत आणि नुकसानभरपाईच्या मागण्यांपुढे हा वाटा मागायला फारसे कोणी जात नाही. तिसरी वाट जिल्हा नियोजन समिती आणि राज्याचे महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियान यांची. पण तेथून प्रामुख्याने वाहने आणि इमारती मिळतात. चौथी वाट आपल्या अंगणातलीच आहे. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतींकडून अग्निशमन सेवेसाठी शुल्क घेण्याचा अधिकार महापालिकांना दिला. ज्या शहरात इतके बांधकाम चालते, तेथे या शुल्काचा ठराविक हिस्सा प्रशिक्षणासाठी बांधून ठेवण्याचा ठराव महासभेने केला, तर त्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. हे अनुदान नव्हे, पण अनुदान मागताना स्वतःचा हिस्सा दाखवावा लागतो, तो येथून निघू शकतो. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे शहराला लोकनियुक्त महासभाच नव्हती, ही सबब आता उरलेली नाही.

उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा विचार मात्र जरा थांबून करायला हवा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत २०१९ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश झाला. पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात ही रक्कम थोडी नाही. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या पॉलिफिल्म कारखान्याला १ जानेवारी २०२३ रोजी आणि पुन्हा मे २०२५ मध्ये लागलेल्या भीषण आगींनी एक गोष्ट दाखवून दिली: कारखान्यात काय साठवले आहे याची माहिती आणि ते पेटल्यावर कसे वागते याचे ज्ञान बाहेरून येणाऱ्या बंबावरच्या माणसाला असणे ही उद्योगाचीच गरज आहे. कंपनीने एक गाडी भेट देऊन दारावर नाव रंगवण्यापेक्षा रसायनांच्या आगीवरील अभ्यासक्रमाला वीस जवान पाठवले, तर तिच्या स्वतःच्या विम्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे ठरेल. अडचण इतकीच, की महापालिकेने तसे मागितले पाहिजे. देणारा नेहमी दिसणारीच वस्तू देतो.

अमेरिकेतील एक पद्धत येथे पाहण्यासारखी आहे. तेथे २००१ पासून केंद्र सरकार स्थानिक अग्निशमन दलांना स्पर्धात्मक अनुदान देते आणि दल थेट अर्ज करू शकते. शहर दहा लाखांहून मोठे असेल तर त्याने अनुदानाच्या १५ टक्के, मध्यम शहराने १० टक्के आणि वीस हजारांपर्यंतच्या गावाने ५ टक्के रक्कम स्वतः घालायची. अर्जांची छाननी अन्य गावांतील अग्निशमन सेवेतील माणसेच करतात, त्यामुळे शब्दांचे फुलोरे फारसे चालत नाहीत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद निराळीच आहे. प्रशिक्षणाला गेलेल्या जवानाच्या जागी कामावर थांबणाऱ्या माणसाचा जादा कामाचा मोबदलाही त्या अनुदानातून मागता येतो. आपल्याकडील प्रस्ताव नेमके येथेच कोसळतात.

हिशेब करून पाहू. समजा, दलात ३०० माणसे आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून अवघे दहा दिवस प्रशिक्षण द्यायचे आहे. हे झाले तीन हजार मनुष्यदिवस. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वगळता एक माणूस वर्षाला पावणेतीनशे दिवस कामावर असतो असे धरले, तर अकरा माणसे बारा महिने केवळ प्रशिक्षणातच आहेत, असा त्याचा अर्थ. ही अकरा माणसे प्रस्तावात दाखवलेली नसतील, तर पाळीत आधीच माणसे कमी असलेला केंद्राधिकारी कोणाला सोडणार? मग नेहमीचेच घडते. शुल्क भरले जाते, नावे कळवली जातात आणि ऐन वेळी ‘कार्यालयीन निकडीमुळे’ जवान जात नाहीत. वर्षअखेरीस तरतूद व्यपगत होते आणि पुढच्या वर्षी ती ‘खर्च झाली नाही’ म्हणून निम्मी होते. २०२५ च्या अखेरीस महापालिकेने फायरमन व चालक-यंत्रचालकांची मिळून १८६ पदे भरण्याची जाहिरात काढली. अनेक वर्षांनी होणाऱ्या अशा भरतीमुळेच जुन्या जवानांना पाळीतून मोकळे करणे शक्य होते. ही संधी नुसत्या रिकाम्या खुर्च्या भरण्यात गेली, तर पुढची कधी येईल कोण जाणे.

प्रस्तावाची सुरुवात शिंगाडा तलावावरच असलेल्या एका नोंदवहीपासून करता येईल. दलाला मिळणाऱ्या प्रत्येक वर्दीची नोंद होते: वेळ, ठिकाण, प्रकार, गाडी निघाल्याची व पोहोचल्याची मिनिटे. गेल्या पाच वर्षांच्या वर्द्या प्रकारानुसार लावल्या, की गरज आपोआप बोलू लागते. किती आगी, किती झाडे कोसळली, किती जण गोदावरीत व विहिरींत बुडाले, किती वेळा वायुगळती, किती वेळा महामार्गावरील अपघात. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मिरची चौकात खासगी बस पेटून किमान १२ प्रवासी होरपळून मेले, ती वर्दी एका ओळीची असेल. पण चेपलेल्या आणि पेटत्या वाहनातून माणूस काढण्याचे कौशल्य किती जणांना अवगत आहे, हा प्रश्न त्या ओळीतून निघतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने एप्रिल २०१२ मध्ये अग्निशमन दलांचे मनुष्यबळ, उपकरणे व प्रशिक्षण यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांच्याशी ही आकडेवारी ताडून पाहिली, की उणीव किती आणि कोठे हे कागदावर येते. अनुदान देणाऱ्याला सहानुभूती नको असते; ही उणीवच हवी असते. श्वसनसंच चढवायला आज किती सेकंद लागतात आणि प्रशिक्षणानंतर किती लागावेत, वर्दी मिळाल्यापासून गाडी दाराबाहेर पडेपर्यंतचा वेळ किती कमी व्हावा, असे मोजता येणारे दोन-तीन आकडे जोडले, तर उपयोगिता प्रमाणपत्रासोबत दाखवायलाही काही तरी राहते.

हे सारे नाशिकमध्ये घाईचे झाले आहे, कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, असे वेळापत्रक जाहीर झालेले आहे. कुंभाच्या निधीतून रस्ते, घाट, पूल होतील. त्यांच्या निविदांच्या बातम्या रोज वाचायला मिळतात. पण तपोवनातील साधुग्राम म्हणजे कापड, बांबू आणि गॅस सिलिंडरांचे तात्पुरते शहर. प्रयागराजच्या महाकुंभात १९ जानेवारी २०२५ रोजी सिलिंडरचे स्फोट होऊन तंबू जळाले. तेथे जीवितहानी टळली. आपल्याकडे २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले, ही जखम शहर विसरलेले नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे ठाणे धुळ्याला, राष्ट्रीय दलाचे पुण्याजवळ. कुंभात त्यांच्या तुकड्या आधीच येऊन थांबतील. इतर दिवशी मात्र पहिला तासभर शहराच्या दलालाच निभवायचा असतो. शिवाय २ ऑगस्ट ही तारीख नाशिककरांच्या चांगल्या ओळखीची आहे. २०१६ मध्ये याच दिवशी गोदावरीला महापूर आला होता आणि दुतोंड्या मारुतीला पाण्याने वेढले होते. पावसाळ्यात लाखोंच्या गर्दीत नदीकाठावर काम करायचे, तर दोर, बोट आणि वाहत्या पाण्यातील बचावाचा सराव आधीच्या पावसाळ्यात व्हायला हवा; म्हणजे २०२६ च्या. त्यासाठी किती जवान पाळीतून मोकळे करता येतील आणि त्यांच्या जागी कोण उभे राहील, एवढ्याच माहितीचा तक्ता तयार करायला एका केंद्राधिकाऱ्याला आणि एका लेखनिकाला फार तर आठवडा लागेल.